पोटखराब्यावरचे दोन भेक

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की नायगाव, नरसी, देगलूरच्या बाजूला रात्री बेडकांच्या आवाजाने भरून जातात. गायरानातल्या खड्ड्यांत, रस्त्याकडेच्या चरीत, विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मुरमाच्या ढिगाशेजारी जिथे म्हणून पाणी साचते, तिथे डराव डराव सुरू होते. पाऊस लांबला तर लिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून ‘धोंडी’ काढण्याची रीत मराठवाड्यातल्या अनेक गावांनी पाहिलेली आहे. पाऊस आणि बेडूक यांचे नाते इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नायगावपासून सरळ रेषेत पाचशेएक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर या नात्याची फार कठीण परीक्षा चालू आहे. तिथे राहणाऱ्या दोन छोट्या भेकांचे सगळे आयुष्य पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मोजक्या दिवसांवर आणि खडकावर साचणाऱ्या वीतभर पाण्यावर अवलंबून आहे. एक कोयनेचा भेक, दुसरा आंबोलीचा. दोघे एकाच प्रजातीकुलातले, आणि त्या कुलात या दोघांखेरीज तिसरे कोणी नाही. जगात दुसरीकडे कुठेही ते सापडत नाहीत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत कोयनेचा भेक ‘संकटग्रस्त’ आहे, तर आंबोलीचा ‘अतिसंकटग्रस्त’, म्हणजे वन्य अवस्थेतून नाहीसा होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर.

इतक्या जवळच्या दोन भावंडांच्या नशिबात हा फरक का पडला, याचे उत्तर त्यांच्या शरीरात फारसे सापडत नाही. ते सापडते त्यांच्या पायाखालच्या जमिनीत आणि त्या जमिनीला सरकारी कागदावर दिलेल्या नावात.

नाव मिळेपर्यंतचा काळ

कोयना म्हटले की लातूर-नांदेडच्या माणसाला आधी १९६७ चा भूकंप आठवतो. त्याच्या चार वर्षे आधी, शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागून फार काळ झालेला नव्हता, तेव्हा सोमण या संशोधकांनी जलाशयाकाठच्या हुंबरळी गावाच्या परिसरातून एका छोट्या भेकाचे वर्णन प्रसिद्ध केले. साल १९६३. त्या वेळी जगातले बहुतेक भेक ‘बुफो’ या एकाच मोठ्या गटात टाकले जात. हाही तिथेच गेला आणि कोयनेच्या नावावरून ‘कोयनायेन्सिस’ झाला.

पुढची सेहेचाळीस वर्षे त्याचा कोणी सख्खा नातेवाईक असल्याची शास्त्रीय नोंद झाली नाही. २००९ मध्ये डॉ. एस. डी. बिजू, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्या वेळी काम करणारे वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीचा भेक ही वेगळी प्रजाती असल्याचे त्यांनी शरीररचना आणि डीएनए या दोन्ही अंगांनी दाखवून दिले. शिवाय कोयना आणि आंबोलीचे हे दोघे मिळून ‘बुफो’पासून स्वतंत्र असे प्रजातीकुल होते, हेही स्पष्ट झाले. या नव्या कुलाला नाव मिळाले ‘झँथोफ्रिन’. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा आणि ‘फ्रिन’ म्हणजे भेक. आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असल्यामुळे तो ‘टायग्रिना’ झाला.

नाव देणे हे केवळ पंडितांचे काम वाटू शकते. पण ज्या प्राण्याला नाव नाही, त्याला लाल यादीत जागा मिळत नाही, रस्ता किंवा खाण यांच्या पर्यावरणीय अहवालात त्याचा उल्लेख येत नाही आणि न्यायालयात त्याच्या बाजूने कागद दाखवता येत नाही. २००९ पूर्वी आंबोलीचा भेक होताच, पण सरकारदरबारी तो नव्हता.

सारखे किती, वेगळे किती

बेडूक आणि भेक यांतला ढोबळ फरक शेतकऱ्यांना ठाऊक असतो. बेडकाचे अंग ओले, गुळगुळीत, लांब उडी मारणारे. भेकाची कातडी खरखरीत, गाठीगाठींची, आणि चाल सरपटत्या छोट्या उड्यांची. नायगावच्या अंगणात विजेच्या दिव्याखाली किडे खायला येतो तो भेक बहुधा भारतात सर्वत्र आढळणारा साधा भेक असतो. हाताच्या मुठीएवढा, धीट आणि कुठेही जमवून घेणारा.

झँथोफ्रिनचे दोघे त्याच्यासमोर अगदी बारके, बोटाच्या दोन पेरांएवढे. पाठ तपकिरी, खडकाच्या रंगात मिसळून जाणारी. ओळख पटते ती कुशीवरच्या गडद पिवळ्या रंगावरून. कोयनेच्या भेकावर हा पिवळा रंग ठिपक्यांत आणि डागांत विखुरलेला असतो, तर आंबोलीच्या भेकावर तो पट्ट्यापट्ट्यांनी ओढलेला दिसतो. कोयना आणि आंबोली यांच्यात सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटरचे अंतर आहे. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, खडक सोडून फार दूर न जाणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने हे अंतर ओलांडता न येणारे आहे. अशा ताटातुटीतूनच एका प्रजातीच्या दोन होतात.

त्यांची राहणी मात्र जवळपास एकसारखी आहे. निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २०१६ मध्ये दोन्ही प्रजातींच्या प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघेही जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर राहतात. पावसाळा सुरू होताच थोड्याच दिवसांत नर-मादी मोठ्या संख्येने एकत्र येतात, खडकाच्या खोलगट भागात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात आणि विणीचा हंगाम आटोपतात. त्यानंतर सुटे दगड, कपारी आणि गवताच्या बुडख्यांत ते असे काही नाहीसे होतात की वर्षातले बरेच महिने ते तिथे आहेत याचा पत्ताही लागू नये.

महिनाभराचे पाणी

नदी, तळे सोडून खडकावरचे डबके कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे: डबक्यात मासे नसतात. तळ्यात अंडी घातली तर माशांपासून पाणकिड्यांपर्यंत अनेकांची ती मेजवानी ठरते. खडकावरच्या ओंजळभर पाण्यात खाणारे कमी आणि ऊन पडले की पाणी लवकर कोमट होते, त्यामुळे पिल्लांची वाढ वेगाने होते. शेपटीवाल्या पिल्लाचे चार पायांचे भेक होण्यासाठी यांना साधारण महिना-सव्वा महिना पुरतो.

मात्र तो महिना-सव्वा महिना डबक्यात पाणी राहिले पाहिजे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्याच्या सरासरीच्या कितीतरी पट. तरीही खडकावरचे उथळ पाणी पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली की आटायला लागते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘पावसाचा खंड’ म्हणजे काय ते सांगायला नको. सोयाबीन उगवून वर आल्यावर पावसाने दडी मारली की दुबार पेरणीची वेळ येते. भेकाच्या डबक्यात तोच खंड पडला तर पिल्ले जागच्या जागी वाळून मरतात, आणि हंगामाच्या सुरुवातीचे मोजके दिवस निघून गेलेले असल्याने त्याला दुबार पेरणीची संधी फारशी उरत नाही.

यात अंड्यांच्या संख्येचाही भाग आहे. अंगणातल्या साध्या भेकाची मादी एका वेळी माळेसारख्या लांब चिकट दोऱ्यांतून हजारो अंडी घालते. त्यातली बरीचशी वाया गेली तरी काही वाचतात. झँथोफ्रिनची मादी अंडी घालते ती मोजकीच. थोड्या पाण्यात थोडी पिल्ले हाच हिशेब तिथे चालतो.

२०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भेकांच्या जगभरच्या प्रसाराविषयी एक महत्त्वाचा अभ्यास आला. भेक कुळातल्या काही शाखा जवळजवळ सगळ्या जगात पसरल्या आणि काही मात्र एकाच डोंगररांगेला चिकटून राहिल्या, असे का, हा त्यातला प्रश्न होता. मोठे शरीर, कानामागच्या विषग्रंथी, चरबीचा साठा, भरपूर अंडी आणि मिळेल त्या पाण्यात अंडी घालण्याची सवय हे गुण ज्या पूर्वजांत हळूहळू एकत्र आले, त्यांचे वंशज खंडामागून खंड ओलांडत गेले, असे संशोधकांना दिसले. या मोजपट्टीवर पाहिले तर नायगावच्या अंगणातला भेक आणि सह्याद्रीवरचे हे दोन भेक दोन टोकांना उभे आहेत. एकाने कुठेही राहण्याची तयारी केली. दुसऱ्या दोघांनी एकाच जागी उत्तम राहण्याची तयारी केली, आणि ती जागाच हलली तर त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नाही.

एकाला अभयारण्य, दुसऱ्याला रस्ता

इथपर्यंत दोघांची कथा सारखीच आहे. पुढे ती वेगळी होते. कोयनेच्या भेकाच्या आढळातला बराच मुलूख कोयना-चांदोलीच्या जंगलपट्ट्यात येतो. कोयना अभयारण्य १९८५ चे, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चे. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास पठार आणि राधानगरीबरोबर कोयना व चांदोलीही आहेत. हे सगळे संरक्षण वाघासाठी, फुलांसाठी आणि पाणलोटासाठी आले, भेकासाठी नव्हे. पण वाघाच्या छत्रीखाली थोडी सावली त्यालाही मिळाली. या सावलीच्या बाहेरची पठारे मात्र उघडीच आहेत. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांभोवती झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळले होते. पठारावर एक गोष्ट उभी केली की तिथली साखळी कशी बदलते, याचा तो पुरावा आहे.

आंबोलीच्या भेकाची स्थिती याहून नाजूक आहे. त्याचा सगळा ज्ञात मुलूख आंबोलीच्या आसपासच्या पठारांपुरता आहे. आययूसीएनच्या निकषांप्रमाणे एखाद्या प्रजातीचे एकूण विस्तारक्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष वास्तव्याचे क्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि त्या जागेची अवस्था सतत बिघडत असेल, तर ती ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात जाऊ शकते. ‘संकटग्रस्त’ वर्गासाठी हेच आकडे ५,००० आणि ५०० चौरस किलोमीटर आहेत. १० चौरस किलोमीटर म्हणजे साधारण अडीच हजार एकर. मराठवाड्यातल्या एखाद्या मोठ्या गावाचे शिवार यात बसते. एका प्रजातीचे सगळे जग एका शिवारात मावते, असा याचा अर्थ.

त्याच शिवारातून सावंतवाडीहून घाटमाथ्याकडे जाणारा रस्ता जातो. पावसाळ्यातला आंबोलीचा धबधबा पाहायला सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. भेकाच्या विणीचा काळ आणि पर्यटकांच्या गर्दीचा काळ एकच. पठारावर गाडी चढवली, दगड बाजूला करून तंबू ठोकला, चहाच्या टपरीसाठी कातळ सपाट केला, तर यातले एकही काम कोणाला गुन्हा वाटत नाही. पण भेक त्या दगडाखाली राहत असतो आणि त्या खोलगट भागात अंडी घालत असतो. त्यात घरे, रिसॉर्ट आणि जांभ्याखाली दडलेल्या बॉक्साइटचे आकर्षण मिळवले की चित्र पुरे होते.

रोगाचा धोकाही विसरता येत नाही. कायट्रिड नावाच्या बुरशीने ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या अनेक प्रजाती संपवल्या. ही बुरशी उत्तर पश्चिम घाटातल्या काही प्रदेशनिष्ठ बेडकांच्या कातडीवर असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तिकडच्यासारखे सामूहिक मृत्यू इथे नोंदले गेलेले नाहीत. मात्र एकाच शिवारात राहणाऱ्या प्रजातीला एकच वाईट साल पुरेसे असते.

फ्लोरिडातली दुसरी जोडी

जवळच्या दोन प्रजाती वेगळ्या ओळखल्याने नेमका काय फरक पडतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे शेपटी असलेले उभयचर, म्हणजे सॅलॅमँडर, भरपूर आहेत. भारतात त्यांचे नातेवाईक फक्त पूर्व हिमालयात, दार्जिलिंगपासून ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतात. महाराष्ट्रात एकही नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या सपाट जंगलांत ‘फ्लॅटवूड्स’ नावाचा सॅलॅमँडर राहतो. तो हिवाळ्याच्या तोंडावर कोरड्या पडलेल्या डबक्याच्या तळाशी अंडी घालतो. पुढे पाऊस येऊन डबके भरले की पिल्ले बाहेर पडतात. पाऊस उशिरा आला तर अंडी वाया जातात. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला कायद्याने ‘धोक्यातील’ ठरवले. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवले की ही एक प्रजाती नसून दोन आहेत आणि फ्लोरिडातली अपालाचिकोला नदी त्यांची सीमा आहे. फेरमोजणी केल्यावर नदीच्या पश्चिमेकडच्या प्रजातीची अवस्था जास्त वाईट निघाली. २००९ मध्ये तिला वरच्या, ‘संकटग्रस्त’ वर्गात टाकून तिच्यासाठी वेगळे अधिवास क्षेत्र आखण्यात आले. योगायोग असा की आंबोलीच्या भेकाला नाव मिळाले तेही त्याच वर्षी.

दोन्ही प्रजाती एकच मानल्या असत्या तर पूर्वेकडची संख्या पश्चिमेकडची घट झाकत राहिली असती. कोयना आणि आंबोली यांनाही हाच नियम लागतो. ‘महाराष्ट्रात पिवळ्या कुशीचे भेक कोयनेच्या जंगलात सुरक्षित आहेत’ असे म्हणून आंबोलीची फाइल बंद करता येत नाही. अमेरिकेत ओळख पटल्यापासून दोन वर्षांत वर्ग बदलला आणि जमीन आखली गेली. आपल्याकडे नाव मिळाले, लाल यादीत वर्गही मिळाला, पण कातळाची आखणी राहून गेली.

हा प्रश्न दोन भेकांपुरता नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जगातल्या ८,०११ उभयचर प्रजातींचा आढावा आला. त्यातल्या ४०.७ टक्के प्रजाती धोक्यात आहेत. सॅलॅमँडर गटात तर हे प्रमाण पाचात तीन आहे. १९८० ते २००४ या काळात उभयचरांची घसरण मुख्यतः रोग आणि अधिवासाचा नाश यांमुळे झाली. त्यानंतरच्या घसरणीत हवामानबदलाचा वाटा ३९ टक्के आणि अधिवास नष्ट होण्याचा ३७ टक्के आहे. हवामानबदल एका गावाला थांबवता येत नाही. कातळ राखणे मात्र गावाच्या आणि जिल्ह्याच्या हातात असते.

कागदावरची रिकामी जमीन

मराठवाड्यातल्या माणसाला सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा शब्द चांगला माहीत आहे. पीक न येणारी, खडकाळ, नाल्या-खड्ड्यांची जमीन पोटखराब्यात जाते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात तर उघड्या खडकाळ जमिनीचा स्वतंत्र वर्गच आहे. महसुलाच्या दृष्टीने हे वर्गीकरण चुकीचे नाही, कारण तिथे पीक येत नाही हे खरेच आहे. अडचण पुढे सुरू होते. ‘पीक नाही’ याचे ‘काहीच नाही’ होते, आणि काहीच नसलेल्या जागेवर काहीही आणायला हरकत कोण घेणार?

कोकणातला ‘सडा’ आणि साताऱ्याचे ‘पठार’ याच समजुतीचे बळी आहेत. उन्हाळ्यात तिथे उभे राहिले तर डोळ्याला दिसतो तो तापलेला काळपट कातळ. जुलैत त्याच कातळावर कीटक खाणाऱ्या वनस्पती, रानफुले आणि डबक्याडबक्यांत जीव असतात. आंबोलीतल्याच एका बेडकाला २०१४ मध्ये ‘चिरावासी’ असे शास्त्रीय नाव दिले गेले, ते जांभ्या चिऱ्याच्या आधाराने राहण्याच्या त्याच्या सवयीवरून. मराठी शब्द थेट प्राणिशास्त्रात गेला, पण चिऱ्याची जमीन कागदावर रिकामीच राहिली. कोकणातल्या सड्यांवर अलीकडे झालेल्या अभ्यासात मोकळ्या सड्यांच्या तुलनेत भातखाचरे आणि फळबागा झालेल्या सड्यांवर उभयचरांची विविधता कमी आढळली. सर्वत्र दिसणारे सामान्य बेडूक भातखाचरात वाढले आणि सड्यावरचे खास बेडूक मागे पडले. बेडकांचा आवाज ऐकू येतो म्हणजे सगळे ठीक आहे, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून शेतकऱ्याने लागवडीखाली आणलेला ‘अ’ वर्गातला पोटखराबा लागवडीयोग्य म्हणून नोंदवण्याची वाट मोकळी केली. दोन-अडीच एकरांच्या मालकाला पीककर्ज, विमा आणि भूसंपादनाचा मोबदला यांसाठी ही नोंद फार मोलाची असते. आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकरांच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडला. आपल्याच जमिनीवर आपला हक्क सिद्ध करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना ‘इथे भेक राहतो, हात लावू नका’ असे सांगणे सोपे नाही आणि न्याय्यही नाही. भेक वाचवायचा तर त्या गावांना विश्वासात घेऊनच वाचवता येईल.

सरकारी पातळीवरचा मार्ग संथ आहे. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पश्चिम घाटातले पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारी पहिली मसुदा अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे दगावली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहावा मसुदा निघाला. त्यात सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि त्यापैकी महाराष्ट्रातले सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठी मात्र मुंबई उच्च न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र आदेश द्यावा लागला. दहा वर्षांत सहा मसुदे निघतात, तेवढ्यात कातळ सपाट करायला एका जेसीबीला एक दिवस लागतो.

यापेक्षा लहान आणि लवकर होणारा उपायही आंबोलीतच आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या देवस्थानाच्या कुंडात एक नवी माशाची प्रजाती सापडली आणि २०२० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. जागा जेमतेम दोन हेक्टरांची. गावाची श्रद्धा तिथे आधीपासून होती, कायद्याने तिला जोड दिली. भेकाला कुंडही नाही आणि देऊळही नाही. तरी त्याच्या विणीची डबकी कोणत्या कातळावर आहेत हे संशोधकांना माहीत आहे. तेवढे कातळ असेच जाहीर करणे, विणीच्या मोजक्या रात्री त्या रस्त्यावर वाहनांचा वेग कमी ठेवणे आणि पठारावर गाडी चढवायला बंदी घालणे यासाठी सहावा किंवा सातवा मसुदा लागत नाही.

नायगावच्या माळावर

मराठवाड्यात झँथोफ्रिन नाही. इथला दगड जांभा नसून काळा बेसॉल्ट आहे, पाऊस बेताचा आहे. पण गावाशेजारची गायराने, खडकाळ टेकाडे आणि पावसाळ्यात भरणारी डबकी इथेही ‘रिकामी’ याच सदरात मोडतात. तिथे मुरूम उपसला जातो, कचरा टाकला जातो, आणि त्या जागी कोणते बेडूक, भेक किंवा बेडूकपिल्ले होती याची नोंद सहसा कुठेच नसते.

नोंद ठेवण्याची सोय मात्र कायद्याने आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करण्याची मुदत घातली होती. त्या घाईत कागद पुरे करण्याकडे लक्ष राहिले. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टॉर्च घेऊन गावाबाहेरच्या डबक्यांवर दोन रात्री घालवल्या, आवाज ध्वनिमुद्रित केले, फोटो काढले आणि डबक्याचे ठिकाण नोंदवले, तरी त्या नोंदवहीत एक खरे पान वाढेल. किती दिवस पाणी टिकले आणि पिल्ले बाहेर पडली की वाळली, हेही त्यात लिहिता येईल. पावसाच्या खंडाची ती वेगळी मोजणी ठरेल.

एवढ्या खटाटोपाचे कारण आंबोलीच्या उदाहरणात आहे. तिथला भेक २००९ मध्ये ओळखला गेला, कारण कोणीतरी पावसात कातळावर जाऊन, दगड उचलून, कुशीवरचे पट्टे नीट पाहिले. पाहणारा उशिरा आला असता, तर लाल यादीत नोंदवायला काही उरले नसते. सातबाऱ्यावर ती जमीन तेव्हाही पोटखराबाच राहिली असती.